देवघरातला भाडेकरू

आमच्या देवघरातला शंख एकदा चालत तुळशीकडे निघाला होता.

ही करणी माझी. रत्नागिरीची माझी भाची मनू सुट्टीत आमच्या गावी मंठ्याला आली, ती शंखखेकडा घेऊन! बोराएवढ्या शंखात बिऱ्हाड थाटलेला नाजूक जीव. तिला आईबरोबर परभणीला लग्नाला जायचं होतं, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला.

“मामा, वाळू ओली ठेव. आणि हे मोठे रिकामे शंख त्याच्या डब्यात ठेव. मोठा झाला की तो घर बदलतो. नाही मिळालं तर मरेल हं!”

“अगं, म्हशी सांभाळणारा माणूस मी! याचं काय घेऊन बसलीस?”

(म्हशी बायको सांभाळते. पण भाचीसमोर कशाला सांगा?)

ते शंख मी माळ्यावर टाकले. आम्हीच नव्या घराचं कित्येक वर्षं ‘बघू पुढच्या साली’ करतोय, या किड्याला कसली घाई! डबा कूलरपुढे ठेवला, गार हवा लागावी म्हणून झाकणही काढलं. मे महिना. वीज गेली, कूलर थांबला, वाळूचा पापड झाला. मनू परत यायच्या दिवशी सकाळी पाहतो तर डब्यात नुसता बोराएवढा शंख. आत कुणी नाही!

पोरीला तोंड कसं दाखवू? खाटेखाली, कडब्यात, शेवटी पिठाच्या डब्यात हात घातला.

“काय हुडकून राह्यलात?” बायकोनं विचारलं.

“काही न्हाई. बटन पडलं.”

“पिठात?”

तेवढ्यात देवघरातून माझी आई ओरडली, “आरं धाव! शंख चालून राह्यला!”

पूजेचा लिंबाएवढा शंख खरंच उंबरठ्याकडे सरकत होता! गल्ली लोटली. शेजारच्या शेठाणीबाई नारळ घेऊन आल्या. हळदकुंकू वाहून झालं. आणि मी? मी साष्टांग दंडवत घातला. “देवा, मनूचा खेकडा जिवंत सापडू दे!” म्हणून डोकं टेकवलं, तर देवानं माझं नाकच धरलं!

“आयोऽऽ!”

“पावला गं बाई, पावला!” आई म्हणाली.

साऱ्या घरात ओल होती ती फक्त देवाच्या ताम्हणात, आणि मोठा रिकामा शंखही तिथंच. खेकड्यानं जागा पाहून राहायला सुरुवात केली होती.

संध्याकाळी मनूनं टाळ्या पिटल्या. “मामा, केवढं मोठं घर दिलंस रे त्याला!”

ओढून काढला तर तो मरेल, असं तिनं सांगितल्यावर आईनं शंखच देऊन टाकला. “जाऊ दे. बसलेलं बिऱ्हाड उठवू न्हाई कुणाचं. देवाला दुसरा आणू.”

मी छाती फुगवली. (नाक आधीच फुगलं होतं.)

“मनू, हे मोठं झाल्यावरच घर बदलते ना गं?” बायकोनं विचारलं.

“हो मामी.”

बायकोनं मला पायापासून नाकापर्यंत नीट पाहून घेतलं.

“मंग आपल्या नव्या घराचं काही खरं न्हाई.”