निवळलेल्या पाण्यातली होडी

पाणबुड्याचा सगळा जन्म चाचपडण्यात गेला. गावाला पाणी पुरवणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी, तळ्याच्या तळाला, एक जाळी होती. ती साफ ठेवणे ही त्याची नोकरी. पाणी इतके गढूळ, की स्वतःचा हात दिसत नसे. थोरल्या भावाची होडी वादळात बुडाली, तेव्हा महिनाभर बुड्या मारूनही ती सापडली नव्हती. तेव्हापासून चहा देताना वहिनी हटकून विचारायची, "भावजी, कप सापडला ना?"

मग शिंपले आले. कुठल्याशा परक्या नदीतून, होड्यांच्या बुडाला चिकटून, एकामागून एक कालवे पार करत. नखाएवढा जीव, पण जाळी सारखी तुंबू लागली. आणि पाणी गाळून गाळून त्यांनी तळे पार निवळून टाकले.

एके सकाळी जाळी खरवडून वळताना त्याला लांबवर होडी दिसली. तो जवळ गेला. लाकूड कुठे दिसतच नव्हते. नुसते शिंपले, प्रत्येकाचे तोंड किंचित उघडे. त्याची सावली पडली मात्र, सगळे एकदम मिटले. अख्खी होडी शहारली. पाणबुड्या नकळत मागे सरला.

बातमी ऐकताच भावाने दोरखंड काढला. "उद्याच वर घेऊ. वरच्या तळ्यावरच्या सुताराकडे नेऊ."

"दादा, नको. वरच्या तळ्यात अजून एकही शिंपला नाही."

"घासून नेऊ की."

"फटीतले कसे घासणार? पिल्लं तर डोळ्याला दिसतही नाहीत. उन्हात टाकली तर शिंपले मरतील, पण लाकूडही उलेल."

"मग सांगितलंस कशाला?"

"आधी नुसती बघून तर घे."

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या होडीतून वहिनीसह तिघे निघाले. भावाने दोरखंड बरोबर घेतलाच. पाणबुड्याने बोट दाखवले, तसा भाऊ होडीच्या काठावरून ओणवला. त्याची सावली खाली उतरली आणि तळाशी एक लाट सरसरत गेली.

"ओळखलं मला," भाऊ पुटपुटला.

"हलू नका आता," वहिनी हळूच म्हणाली. "उघडू दे त्यांना."

बराच वेळ कोणी हलले नाही. खाली एक एक तोंड उघडू लागले. भावाने दोरखंड पायानेच फळीखाली सारला.