वसंता आणि करपट वाफ

जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानांची रांग संपते तिथे एका बोळाच्या तोंडाशी वसंताचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे मोटारीतली जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं, दुकान आहे. दुकानावर पाटी नाही. तिची गरजही नाही, कारण तापलेल्या वार्निशचा वास चौकापर्यंत जातो आणि गिऱ्हाईक त्या वासामागे चालत येतं. शेतातल्या पंपाची मोटार असो, मिक्सरची असो, कुलरची असो, वसंता ती उघडायच्या आधी हुंगतो. मग मान वर करून विचारतो, "कोरडी चालवली का हो?" समोरचा माणूस जमिनीकडे बघायला लागतो, कारण त्याने ती खरंच कोरडी चालवलेली असते.

२०१८ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं आणि दुकानात कुलरच्या मोटारींचा ढीग लागला होता. अशात भालचंद्र आला आणि त्याने बाकावर एक बोटाएवढी काळी, चकचकीत नळी ठेवली.

"टॉर्च हाय का?" वसंताने विचारलं.

"व्हेप म्हणतात हिला. बिडी सोडायची म्हणून केदारनं पुण्याहून आणून दिली. आत औषध भरायचं, बटण दाबायचं, ओढायचं. धूर न्हाई, वाफ येते."

"म्हंजे आगीतून फुफाट्यात," वसंता म्हणाला आणि पुन्हा कुलरकडे वळला. त्या वस्तूवर बंदी यायला अजून सव्वा वर्ष होतं, तेव्हा पुण्यामुंबईकडची माणसं ती उघड खिशात बाळगत. केदार म्हणजे भालचंद्रचा भाचा, संगणकवाला. मामाची बिडी सुटावी अशी त्याची मनापासून इच्छा होती, एवढं मात्र खरं.

भालचंद्र आणि वसंता शाळेत एका बाकावर बसले, एका छडीचा मार खाऊन मोठे झाले. पुढे वसंता आयटीआयला गेला आणि भालचंद्र पाटबंधारे खात्यात कारकून झाला. त्याच्या घरात कुणी सुपारीचं खांडही तोंडात टाकत नसे. पण पहिलीच बदली शहागडला झाली, आणि गोदाकाठच्या त्या एकट्या खोलीत कालव्यावरच्या चौकीदारांनी त्याला बिडीची दीक्षा दिली. नोकरी संपली, बिडी नाही संपली. बायकोने, म्हणजे अरुंधतीने, रुसून पाहिलं, रागावून पाहिलं, उपास करून पाहिले आणि शेवटी नाद सोडला.

अरुंधतीला जे जमलं नाही ते मुलीने एका फोनमध्ये केलं. गंधाली पुण्याला बाळंत झाली होती. सव्वा महिना होताच लेकीला घेऊन माहेरी येणार होती, अठरा तारखेला. तिने सांगून टाकलं, "बाबा, तुमच्या अंगाला बिडीचा वास आला तर बाळ मांडीवर मिळणार नाही. लांबून बघायचं." गंधाली बोलते तसं करते, हे भालचंद्रला ठाऊक होतं आणि वसंतालाही. आणि आज आठ तारीख होती.

"पहिल्या दिवशी झकास चालली," भालचंद्र सांगू लागला. "दुसऱ्या दिवसापासनं तोंडात करपट. आत एक कॉइल असते, ती पंधरा दिवस टिकते म्हणला केदार. माझी दोन दिवसांत बाद! पाच कॉइली दिल्त्या, पाचही गेल्या. आन् एक कॉइल जळली की माझे पाय टपरीकडं वळतात बघ. आज सकाळी पण वळले. वसंता, नात हाय रे माझी. लांबून बघू का तिला?"

हे शेवटचं वाक्य ऐकून वसंताने हातातली कुलरची मोटार बाजूला ठेवली.

"करपट म्हंजे कसं? नीट सांग."

"खिचडी बुडाला लागल्यावर लागते तसं. वरून गोडसर."

वसंताने जळालेली कॉइल ब्लेडने उभी चिरली आणि भिंग लावलं. आत मोहरीएवढ्या जागेत तारेचे पाच-सहा वेढे आणि त्यात गुंतवलेला कापूस. त्याचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "अरे, ही तर हिटरची कॉइल! चाळीस वर्षं कॉइली बांधून राह्यलो, इतकी बारकी न्हाई पाह्यली." कापूस टोकांना पांढरा आणि मधोमध कोळसा झाला होता. त्याने तो हुंगला आणि मान वर केली.

"कोरडी चालवली."

"औषध गच्च भरलं होतं की!"

"भरल्यावर किती वेळ थांबला?"

"थांबायचं कशाला? तलफ आल्ती."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच. वसंताने त्याला समजावलं, "पंपात पाणी भरल्याबिगर कुणी बटण दाबतं का? औषध कापसात मुरलं पायजे. नवी कॉइल टाकली की पाव तास हात नको लावू." भालचंद्रने मान डोलावली. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या माणसाला पंपाची उपमा लगेच पटते.

पण नवी कॉइल होती कुठे? पुण्याहून येईपर्यंत दोन-चार दिवस जाणार, आणि तोवर भालचंद्रचे पाय रोज टपरीकडे वळणार. "मी बांधतो," वसंता म्हणाला. तार त्याच्याकडे होतीच. कापसासाठी तो सायकलवरून ओळखीच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, गेला आणि मूठभर नवा, शुभ्र कापूस घेऊन आला. जालन्याच्या माणसाला कापसाचं काय कौतुक सांगायचं! कॉइल बांधली, कापूस ओवला, औषध भरलं, पाव तास दोघं घड्याळाकडे बघत बसले. भालचंद्रने एक झुरका घेतला आणि त्याचं तोंड कडू कारलं चावल्यासारखं झालं.

"म्हशीला घालायची पेंड लागते रे!"

"शक्यच न्हाई. एक नंबरचा माल हाय."

"मंग तू ओढ."

वसंताने आयुष्यात कशाचा झुरका घेतला नव्हता, आणि आताही घेतला नाही. पण अपमान जिव्हारी लागला होता, जिल्ह्याच्या कापसाचा आणि स्वतःचाही. त्याने पेलाभर पाणी घेतलं आणि त्यात त्या कापसाचा बोळा टाकला. बोळा वर तरंगत राहिला. चहा पिऊन झाला तरी तो तिथेच, कोरडा. मग प्रथमोपचाराच्या डब्यातला कापूस टाकला, तो टाकल्याबरोबर भिजून तळाला गेला. वसंताने कपाळावर हात मारला. बोंडातून निघालेल्या कापसाला अंगचं तेल असतं, ते पाणी शिरू देत नाही. मेडिकलवाला कापूस धुतलेला असतो. जालन्यात राहून औषधाच्या दुकानातून कापूस विकत आणावा लागला, याची खंत त्याने त्या दिवशी तीन गिऱ्हाइकांना ऐकवली.

आता काम फत्ते, असं दोघांनाही वाटलं. तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भालचंद्र पुन्हा दारात. "सकाळी मस्त होती. चारनंतर करपली."

"माझ्यासमोर ओढ."

भालचंद्रने नळी तळहाताच्या आडोशात धरली आणि फुक फुक फुक करत एकामागून एक झुरके सुरू केले. मध्ये श्वासाला उसंत नाही. वसंता बघतच राहिला, आणि मग इतका हसला की शेजारचा कापडवाला डोकावून गेला.

"भाल्या, बिडी ओढून राह्यला तू! बिडी विझू नये म्हणून तिला सारखं ओढत राहावं लागतं. ही विझत न्हाई रे बाबा. ही पेटलेलीच न्हाई!"

चाळीस वर्षांची सवय. ओठांना ठाऊक होतं की क्षणभर थांबलं की बिडी जाणार आणि काडी पुन्हा ओढावी लागणार, तीही कालव्याच्या वाऱ्यात. डोक्याला कितीही सांगा, ओठ ऐकत नव्हते. कापसाला नवं औषध शोषून घ्यायला सवडच मिळत नव्हती. वसंताने नियम घालून दिला: एक लांब, सावकाश झुरका, मग नळी खिशात, आणि बोळाच्या टोकापर्यंत चालत जाऊन परत. दोन दिवस भालचंद्र त्या बोळात येरझारा घालत होता. कापडवाल्याला वाटलं, रिटायर झाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल.

तरी एक कोडं उरलंच होतं. तीन दिवसांनी वसंताने सहज कॉइल काढून पाहिली, तर तारेवर काळं, चिकट पुट बसलेलं. गूळ करणाऱ्या कढईच्या बुडाला बसतं तसं.

"तू हिच्यात काय टाकून राह्यला?"

भालचंद्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागला.

"भाल्या."

"अरुंधतीचं गुलाबाचं सरबत. दोनच थेंब. करपट लागत होतं ना, म्हणून."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! करपट लागतं म्हणून सरबत टाकायचं, आणि साखर जळून अजून करपायचं. वसंताने कॉइल स्वच्छ केली, नवा कापूस घातला आणि पुन्हा सरबत न टाकण्याची शपथ घ्यायला लावली. त्यानंतर ती नळी अशी चालली की बस्स. पांढरीशुभ्र वाफ, औषधातल्या आंब्याची चव, करपटपणाचं नाव नाही. भालचंद्रचे पाय टपरीकडे वळेनासे झाले. शर्ट धुतले, रजया उन्हात घातल्या, घरभर धूप फिरवला. वसंताला स्वतःच्या हाताचा मोठा अभिमान वाटला, आणि तो त्याने लपवलाही नाही.

एक गोष्ट मात्र त्याला खटकत होती. नळी करपायची तेव्हा भालचंद्र वैतागून ती बाजूला तरी ठेवायचा. आता ती हातातून सुटत नव्हती. बोळातल्या येरझारा बंद झाल्या, कारण ओठ सावकाश ओढायला शिकले होते. चहाच्या आधी झुरका, चहाच्या नंतर झुरका, गप्पांच्या मध्ये झुरका. वसंता आपला कुलरकडे वळायचा. चालू मशीनबद्दल मेकॅनिकने काय तक्रार करायची?

अठरा तारखेला सकाळी भालचंद्रने वसंताला घरी बोलावलं. "तुझ्यामुळं झालं, तू समोर पायजे." वसंता झबलं-टोपडं घेऊन गेला. गंधाली रिक्षातून उतरली. अरुंधतीने बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. घरात आल्या आल्या गंधालीने बापाचा शर्ट हुंगला, केस हुंगले, बोटं नाकाशी धरली, आणि तिचे डोळे भरून आले.

"बाबा, खरंच सोडलीत हो! घ्या, तुमची नात घ्या."

तिने बाळ पुढे केलं. भालचंद्रचे हात अर्ध्यावर आले आणि तिथेच थांबले. मग तो एक पाऊल मागे सरला.

"आत्ता नको."

"अहो, घ्या की," अरुंधती म्हणाली. "दहा दिवस झोप नाही तुम्हाला त्यासाठी."

भालचंद्रने खिशातून नळी काढून टेबलावर ठेवली. "गंधाली, बिडी सुटली, हे खरं हाय. पण ही आत्ताच मागच्या अंगणात ओढून आलो. वास येत न्हाई, एवढंच."

बाळ जांभई देत होतं.

"तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं, बाबा," गंधाली हळूच म्हणाली.

"म्हणून तर सांगितलं."

ती बाळाला घेऊन आत गेली. रागावली नव्हती, पण थांबलीही नाही. वसंताला फार वाईट वाटलं. ही कॉइल आपण इतकी चांगली बांधायलाच नको होती, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

चार दिवसांनी दुपारी भालचंद्र दुकानात आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, तोंडात बडीशेप. त्याने नळी बाकावर ठेवली.

"पुन्हा करपली का?" वसंताने विचारलं.

"न्हाई. बराबर चालू हाय. गंधाली आली त्या दिवसापासनं हात न्हाई लावला, पण घरात हाय तोवर मला झोप न्हाई. हिला बिघडव."

"काय?"

"बिघडव. अशी बिघडव की तुला पण दुरुस्त करता येऊ नये."

चाळीस वर्षांत वसंताकडे असं काम कुणी आणलं नव्हतं. त्याने नळी खोलली. कॉइल बाहेर काढून भिंगाखाली धरली. वेढे एकसारखे होते, कापूस अजून पांढरा होता. इतकं नाजूक काम आपल्या हातून पुन्हा होणार नाही, हे त्याला कळत होतं. त्याने बॅटरी जपून वेगळी काढली, कारण बॅटरीला कधी हातोडी लावायची नसते, आणि बाकीचं पकडीत धरून चुरा केला. ती नीट करायला आठवडा गेला होता, मोडायला दोन मिनिटं पुरली.

भालचंद्रने बाहेरच्या नळावर साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले आणि खळखळून चूळ भरली. "आता चल माझ्यासंगं," तो म्हणाला. "माझे हात थरथरून राह्यले सकाळपासनं. एकट्याला घ्यायचं भ्या वाटतं."

वसंताने भर मे महिन्यातल्या दुपारी, ढीगभर कुलर तसेच टाकून, शटर खाली ओढलं.

घरी भालचंद्र भिंतीला टेकून मांडी घालून बसला. वसंता शेजारी बसला आणि त्याने मित्राच्या कोपराखाली आपला हात दिला. गंधालीने बापाच्या तोंडाकडे, मग त्याच्या रिकाम्या खिशाकडे पाहिलं आणि बाळ त्याच्या हातात ठेवलं. हात थरथरत होते ते थरथरतच राहिले, काही केल्या थांबेनात. पोरीला वाटलं असावं, आजोबा झुलवतायत. ती झोपून गेली.