आमच्या ह्यांचा कान आणि जावयाचा पंखा

आमच्या ह्यांच्या पोटात दुखायला फार मोठं कारण लागत नाही. शेजाऱ्यांच्या दाराला नवी कडी बसली आणि ती ह्यांनी बसवलेली नसली, एवढं पुरतं. एकदा हे बाहेरगावी गेले असताना स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला, म्हणून मी प्लंबरला बोलावलं. परत आल्यावर ह्यांनी नळ उघडला, बंद केला, पुन्हा उघडला आणि म्हणाले, "बरा बसवलाय." त्यानंतर कितीतरी दिवस हा माणूस हात धुवायला बाथरूममध्ये जायचा. नळाशी अबोला धरणारा नवरा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात हे फिटर होते. तिथं ह्यांना डॉक्टर म्हणायचे. एखादं मशीन कुरकुरायला लागलं की हे एक लांबलचक स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, टोक मशीनला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग आतलं कुठलं बेअरिंग झिजत चाललंय ते सांगायचे. तोवर साहेब लोकसुद्धा गप्प उभे राहायचे. मी नवी नवरी असताना सासूबाईंनी मला बजावलं होतं, "त्याच्याशी खोटं बोलू नकोस, त्याला आवाजावरून कळतं." मी पुष्कळदा बोलले, एकदाही कळलं नाही. मशीनचं मात्र बरोबर कळायचं.

नोकरी संपली तरी डॉक्टरकी संपली नाही. इमारतीचा पाण्याचा पंप घरघरला, कुणाचा मिक्सर ओरडायला लागला, की हाक यायची, "डॉक्टरकाका, जरा ऐकता का?" मग हे स्क्रूड्रायव्हर घेऊन असे निघायचे, जसं काही कुणाचा जीव टांगणीला लागलाय.

पण ज्या कानानं नाव मिळालं, तोच कान त्या बाटल्यांच्या खणखणाटानं हळूहळू खाऊन टाकला होता. डावा तर नुसता शोभेला उरला होता. हे मला ठाऊक होतं आणि ह्यांनाही ठाऊक होतं, पण ह्या विषयावर आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही. कुणी आलं की मी ह्यांच्या उजव्या अंगाला बसायची आणि पाहुण्याचं बोलणं मोठ्यानं पुन्हा म्हणायची, "म्हणजे तुमचं म्हणणं, पंप मधेच थांबतो, असंच ना?" लोकांना वाटायचं, म्हातारीला उशिरा समजतं. वाटू दे. कान गेला हे बाहेर कळलं की डॉक्टर संपले, मागं उरला नुसता एक म्हातारा. ती धास्ती ह्यांच्या चेहऱ्यावर मी रोज बघत होते.

तर आता पंख्याचं. आमच्या बाथरूममधला वाफ बाहेर टाकणारा पंखा ह्यांनीच बसवलेला. कारखान्यात मोडीत निघालेल्या कुठल्याशा मशीनचा होता. वाफ ओढायचा झकास, त्यात शंका नाही, पण चालू केला की वाटायचं बाथरूम आता उडून जातंय. आमच्याकडे कोण कधी आंघोळ करतं ते वरच्या मजल्यापर्यंत माहीत होतं. हे म्हणायचे, "अगं, मशीन म्हटलं की जरा बोलणारच." ह्यांच्या कानाला तो जराच बोलायचा.

अशात लेकीच्या घरात दुरुस्तीचं काम निघालं आणि लेक, जावई आणि त्यांचं तान्हं बाळ काही महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आले. त्यांना दिली ती खोली बाथरूमला चिकटून. बाळ झोपलं की कुणीतरी आंघोळीला जायचं, पंखा गर्जायचा आणि बाळ त्याच्या वरच्या पट्टीत गर्जायचं. पंखा बंद ठेवावा तर छताला काळे ठिपके धरायला लागले आणि टॉवेलांना कुबट वास.

आमचा जावई कचेरीत कॉम्प्युटरपुढं बसणारा, शांत मुलगा. एके दिवशी आंघोळीहून आला आणि डोकं पुसता पुसता सहज म्हणाला, "बाबा, पंख्याचं बेअरिंग गेलंय वाटतं. मधेच किर्र करतो."

नेमका ह्यांच्या उजव्या बाजूला उभा राहून म्हणाला, त्यामुळे मला काही सावरता आलं नाही.

"नाही," हे म्हणाले. "तो तसाच बोलतो."

दुपारी घरात कुणी नाहीसं बघून ह्यांनी बाथरूममध्ये स्टूल नेलं. स्क्रूड्रायव्हर पंख्याला टेकवला, मूठ हाडाला लावली. मी दारातून बघत होते. किर्र तर मला स्वयंपाकघरातूनही ऐकू येत होतं. हे बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले, मग खाली उतरले आणि तो स्क्रूड्रायव्हर मांडीवर घेऊन पलंगावर बसून राहिले. मी चहा ठेवला शेजारी. तो निवला.

त्या दिवसापासून जावई ह्यांच्या डोळ्यात खुपायला लागला. बाळ आजोबांकडे रडायचं आणि बापाकडे गेलं की गप्प व्हायचं, तर हे म्हणायचे, "त्याला सवय लावून ठेवलीय, दुसरं काय." जावयानं खिडकीच्या बिजागरीला तेल घातलं, तर ह्यांनी ते पुसून स्वतःचं घातलं. लेक म्हणाली, "बाबा, तेल ते तेलच ना?" मुलगी दिली तेव्हा एवढं वाईट वाटलं नव्हतं, जेवढं बिजागरी देताना वाटत होतं.

मग जावयानं जेवताना फोनवर एक पंखा दाखवला. "बाबा, हा बघा. आपल्या बाथरूमच्या मापाचा आहे. मोठा घेतला की उगाच आवाज वाढतो. ह्याचा आवाज किती, तो आकडाही दिलाय इथं."

"आवाज वाचायचा असतो होय?" हे म्हणाले. "मला वाटत होतं ऐकायचा असतो."

"तसं नाही बाबा, मी मागवतो, तुम्ही बघा तरी."

"ह्या घरातला पंखा मी आणीन, जावईबापू. तुम्ही पाहुणे आहात."

जावईबापू हा शब्द ह्यांनी असा काही उच्चारला, की लेकीनं ताटातून मान वर केली नाही.

दुसऱ्याच दिवशी मला घेऊन हे दुकानात गेले. दुकान भर रस्त्यावर, समोर गाड्यांचे भोंगे. दुकानदारानं एक पंखा चालू करून दाखवला. ह्यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "हा गप्प आहे." त्या गोंगाटात आम्हाला कुणालाच काही ऐकू येत नव्हतं, तेव्हा तो गप्पच म्हणायचा.

दुकानदार म्हणाला, "काका, हा जरा मोठ्या जागेचा आहे."

मी लगेच मोठ्यानं म्हणाले, "मोठ्या जागेचा आहे म्हणतात."

"असू दे. पत्रा बघ कसला आहे. वजन बघ."

"पंखा बसवायचाय का भंगारात विकायचाय?" हे मी डाव्या बाजूनं म्हणाले, म्हणून भांडण झालं नाही.

संध्याकाळी दिवेलागणीआधीच जावई घरी आला तो हातात खोकं घेऊन. जेवताना सांगायचा धीर झाला नव्हता, पण पंखा त्यानं आधीच मागवला होता, तो कचेरीत आला होता. टेबलावर दोन खोकी शेजारी शेजारी, आणि भिंतीत भोक एकच. लेक माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतेस, नवरा तुझा, बाप तुझा.

"ऐकून ठरवू," हे म्हणाले. "ज्याचा आवाज कमी, तो लागेल."

ह्यांच्या तोंडातून शब्द गेला आणि माझ्या लक्षात आलं, की ह्यांनी स्वतःलाच परीक्षेला बसवलंय.

आधी ह्यांचा पंखा तारेला जोडून टेबलावर चालू केला. पहिल्यापेक्षा शंभर पटीनं बरा, पण एक जाडसर घूं होतीच आणि टेबलावरचे पेले थरथरत होते. हे म्हणाले, "बघा." मग दुसरा जोडायचा म्हणून ह्यांनी सवयीप्रमाणे जाऊन विजेचा मेन स्विच बंद केला. तारेला हात लावण्याआधी मेन बंद करायचा, ही ह्यांची जन्माची शिस्त. जावयानं आपला पंखा जोडला. तो पांढरा, हलका, समोर सपाट झाकण, आतली पाती दिसतच नव्हती. त्यानं बटण दाबलं आणि मेन चालू करायला वळला.

तोवर ह्यांनी खुर्चीत बसून डोळे मिटले होते. मान तिरकी, एक हात टेबलावर.

"हूं," हे म्हणाले. "घरघर आहे. बारीक आहे, पण आहे. बेअरिंग हलकं वापरलंय."

डोक्यावरचा पंखा थांबलेला होता. जावयाचा हात मेनपर्यंत पोचायचा होता, तो तसाच हवेत राहिला. लेकीनं पदरात तोंड घातलं, हसू नव्हतं ते.

जावई गुणी. लगेच म्हणाला, "हो बाबा, आहे थोडी. माझा परत देऊन टाकतो." आणि तारा सोडवायला लागला.

ह्यांनी डोळे उघडले. एकेकाचं तोंड बघितलं. मग वर बघितलं. छताच्या पंख्याची पाती मोजता येतील अशी स्थिर होती.

"वीज गेलीय का?" मला विचारलं.

आजवर मी जे करत आले, तेच करायचं होतं. आत्ताच गेली, एवढं म्हटलं असतं की भागलं असतं. पण जावयाच्या त्या 'हो बाबा'नं ह्यांच्या चेहऱ्याचं जे झालं होतं, ते बघून मला ते म्हणवेना. जावयाचा हेवा करणं ह्यांना झेपत होतं, त्याची दया नाही. मी उजव्या कानाशी गेले आणि म्हणाले, "मेन तुम्हीच बंद केलाय. अजून चालू केलेला नाही."



हे उठले. जाऊन मेन चालू केला. परत आले, दोन्ही पंखे चालू केले आणि एकेका पंख्यावर एकेक पंजा ठेवून उभे राहिले, जणू दोन पोरांचा ताप बघताहेत. बराच वेळ तसेच. मग आपल्या पंख्यावरचा हात काढून घेतला.

"हा थरथरतो," म्हणाले. "तुझा नाही थरथरत. तुझाच लागेल."

कधी नव्हे ते जावयाला तू म्हणाले. जावई म्हणाला, "बाबा, तुमचाही चांगला..."

"गप रे. बसवणार मी."

मग खिशातून तो लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक पांढऱ्या पंख्याला टेकवलं आणि मूठ पुढं केली. जावयाच्या कानामागं स्वतःच्या हातानं ती दाबून बसवली. "इथं नाही, हाडावर. हां. डोळे मीट. काय ऐकू येतं?"

"सूं..." जावई म्हणाला.

"एकसारखं की हेलकावे घेतं?"

"एकसारखं."

"आत कुठं वाळू सांडल्यासारखं?"

"नाही बाबा."

"मग बेअरिंग चांगलं आहे," हे म्हणाले, आणि तसं म्हणताना ह्यांना केवढं जड गेलं ते मला कळलं.

बसवला मात्र ह्यांनीच. जुन्या पंख्याचं भोक मोठं होतं, ते फळी लावून लहान केलं. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून पंखा आणि फळी यांच्यामध्ये घातली, म्हणजे थरथर भिंतीत उतरत नाही. बाहेर जाणारा नळकांड्यासारखा पाइप कुठंही न वळवता सरळ नेला. जावयाला काम काय, तर स्टूल धरायचं. "नीट धर, स्टूल आहे, माउस नाही," असं एकदा म्हणून घेतलं, तेव्हा कुठं ह्यांना बरं वाटलं.

आता बाळ खुशाल झोपतं. पंख्याचा आवाज म्हणावा तर इतका कमी, की चालू आहे का बंद ते कळतच नाही. दोनदा रात्रभर चालू राहिला. शेवटी मी बाळाच्या टोपीच्या लाल लोकरीचा एक धागा झाकणाच्या फटीपाशी बांधला. पंखा चालू असला की धागा आत ओढला जातो, बंद असला की लोंबतो.

परवा खालून हाक आली, पंप पुन्हा घरघरतोय. हे निघाले. दारात थांबले, आणि मागं न बघता म्हणाले, "चल रे, स्क्रूड्रायव्हर घे." खाली काय झालं ते लेकीनं जिन्यातून पाहिलं. कान जावयानं लावला, प्रश्न ह्यांनी विचारले, आणि मधल्या बेअरिंगला ग्रीस हवंय असं दोघांनी मिळून ठरवलं. ग्रीस घातल्यावर पंप वळणावर आला.

पण घरी आले ते तोंड पाडून. मी म्हटलं, काय झालं?

"तो खालचा म्हणतो, जावईबापूंचा कान फार तिखट आहे हो."

"मग आहेच की."

"कान त्याचा आहे. काय ऐकायचं ते मी सांगितलं." चपला काढून कोपऱ्यात नीट लावल्या, जावयाच्या चपलांपासून जरा लांब. "ते कुणी म्हणत नाही."

कानाला मशीन लावून घेऊ या, असं मी त्याच वेळी म्हणाले, अगदी उजव्या बाजूनं. हे नाही म्हणाले नाहीत. जावयानं सुचवलं असतं तर जन्मात ऐकलं नसतं, म्हणून मी त्याला आधीच सांगून ठेवलंय, तू ह्या भानगडीत पडू नकोस, तुझ्या पंख्यावर भागव.

मग हे आंघोळीला गेले. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "अगं, पंखा चालू आहे ना?"

मी दाराशी कान लावला. काही ऐकू आलं नाही. त्या पंख्यापुढं आम्ही दोघं सारखेच.

"धागा बघा की," मी ओरडले.

"हां," आतून उत्तर आलं, "ओढलाय."