सतरा नंबरची स्लिंग

माझी मुलगी पुण्याहून तुमचा अंक पाठवते, त्यात वाचकांच्या अद्भुत अनुभवांचं हे सदर मी वाचतो. खरं सांगायचं तर आजवर एकही अनुभव पटला नव्हता. वाचताना पहिला प्रश्न मनात यायचा — घड्याळ कुणी पाहिलं होतं? अंतर किती होतं? मी बावीस वर्षं स्टोअरकीपर होतो. जे मोजून वहीत लिहिता येत नाही त्यावर वेळ घालवायचा नाही, हा स्वभाव. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे, तर निदान आकडे तरी नीट देतो.

आम्ही तंजावरचे मराठी. राजवाड्यामागच्या गल्लीत राहतो. घरात जी मराठी बोलतो तिच्यात तमिळ बरीच. देवनागरी वडिलांनी बसवून शिकवली म्हणून हे लिहू शकतो. चुका सांभाळून घ्या.

गोष्ट चार वर्षांपूर्वीची. त्या दिवसांत जिकडे तिकडे नवी कामं निघत होती. तिरुवैयारुच्या अलीकडे एका नदीवर पूल होत होता. कंपनी मद्रासची. मी त्यांच्या यार्डात स्टोअर सांभाळायचो. माझ्या धाकट्या बहिणीचे, रुक्माचे यजमान नागोजीराव पुलावर रिगिंग फोरमन होते. रिगिंग म्हणजे क्रेनने वजन उचलायचं तेव्हा ते बांधायचं, तोलायचं, खाली उतरवायचं काम. कामावर ते मला सगळ्यांदेखत ‘मच्चान’ म्हणत — तमिळमध्ये बायकोचा भाऊ — आणि घरी आले की ‘अण्णा’.

स्लिंग म्हणजे वजनाला वेढून क्रेनच्या हुकात अडकवतात ती तारांची दोरी. महिन्यातून एकदा प्रत्येक स्लिंग तपासायची. ठरलेल्या लांबीत दहा तारा तुटलेल्या दिसल्या की ती बाद. बाद झालेल्या स्लिंगला लाल रंग फासायचा आणि त्याच दिवशी मधोमध कापायची, म्हणजे घाईत कुणी उचलून नेणार नाही. हे कापणं माझं काम.

सतरा नंबरच्या स्लिंगमध्ये मी चौदा तुटलेल्या तारा मोजल्या. दोनदा मोजल्या.

नागोजीराव तेव्हा काउंटरवर चहा पीत होते. म्हणाले, “मच्चान, ती कापू नका वो. मला द्या.”

“कशाला?”

“ऊंजलला.”

लग्नात नवरा-नवरीला झोपाळ्यावर बसवून गाणी म्हणायची आमच्याकडे रीत आहे, त्याला आम्ही ऊंजल म्हणतो. त्यांच्या मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं.

“साखळी भाड्याने मिळते की.”

“जन्मभर लोकांचं लोखंड उचललं. माझ्या पोरीचा ऊंजल काय भाड्याच्या साखळीवर टांगू? आणि लाल रंग नका लावू. तिच्या नव्या साडीला लागला तर तुमची बहीण मला घरात घेईल?”

मी हिशेब केला. नवरा-नवरी मिळून सव्वाशे किलो धरा. ही स्लिंग तीन टनांसाठी बाद झाली होती. झोपाळ्याला ती पुष्कळ होती. हिशेब बरोबरच होता, आजही बरोबर आहे. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘नं. १७ — बाद, कापली.’ आणि न कापता, रंग न लावता दारामागच्या खिळ्याला अडकवली. बावीस वर्षांतली माझी ती एकमेव खोटी नोंद.

नऊ दिवसांनी मंगळवार होता. सकाळी साडेसातला पुलावर माल नेणारी लॉरी भरली गेली. मी साडेआठला येतो. हमालाला चार स्लिंग हव्या होत्या, रॅकवर तीन निघाल्या, चौथी त्याला दारामागे दिसली. त्याचा दोष नाही. लाल रंग नसेल तर चांगली, हे मीच त्याला शिकवलं होतं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी नट-बोल्टच्या पेट्या मोजत बसलो होतो. तेवढ्यात काउंटरसमोर नागोजीराव उभे दिसले. खाकी शर्ट, डोक्यावर हेल्मेट. एरवी आत आले की ते हेल्मेट काढून काउंटरवर उलटं ठेवत. त्या दिवशी काढलं नाही.

“मच्चान, ती दोरी कापून टाका.”

“का हो? मग ऊंजलला काय बांधणार?”

“बांधू काहीतरी. तुम्ही आत्ता कापा.”

“सरि, बरं. पेट्या मोजून झाल्या की कापतो.”

“आत्ता. मी उभा आहे.”

आवाज नेहमीचा होता. रागावलेला नाही, घाबरलेला नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण चार वर्षं मी तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकतो आणि त्यात राग शोधतो. सापडत नाही...

मी छिन्नी-हातोडा घेऊन दारामागे गेलो. खिळा मोकळा होता. वळून पाहिलं तर काउंटरसमोर कुणी नाही. वाटलं, स्वतःच आधी काढून घेतली आणि माझी चेष्टा करतायत. जरा रागच आला. टेबलावरच्या घड्याळात पाहिलं आणि रोजच्या डायरीत लिहिलं — ‘११.२५. फोरमन आले. १७ कापायला सांगितलं. स्लिंग जागेवर नाही.’ मग फाटकाशी जाऊन वॉचमनला विचारलं, फोरमन कुठे गेले?

तो म्हणाला, “आले कधी? तुम्ही आल्यापासून फाटक उघडलेलं नाही सार.”

बाराला पाच कमी असताना पुलावरून मोटारसायकलवर माणूस आला.

क्रेन ऑपरेटर सेल्वम याने नंतर सगळं सांगितलं. सळ्यांचा गठ्ठा होता, पावणेतीन टन. गठ्ठा वर गेला होता. खालून सिमेंटची पाटी घेऊन एक बाई चालली होती. नागोजीराव लांब उभे राहून इशारे करत होते. एकदम त्यांनी वर स्लिंगकडे पाहिलं, “थांबव!” म्हणून ओरडले आणि खाली धावले. उचललेल्या वजनाखाली कुणी जायचं नाही, हे रोज सकाळी कामगारांना बजावणारा तो माणूस. त्यांनी बाईला ढकललं. ती वाचली. सेल्वमने इंजिन बंद करून वेळ लिहिली — ११.११. नागोजीराव जागीच गेले.

माझं घड्याळ मी त्याच संध्याकाळी रेडिओशी ताडून पाहिलं. दोन मिनिटं पुढे होतं. म्हणजे ते माझ्याकडे आले ११.२३ ला. सेल्वमचं घड्याळही मी मागून घेऊन तपासलं. बरोबर होतं. मधे बारा मिनिटं. पुलापासून यार्ड सात किलोमीटर. त्या रस्त्याने जीपला वीस मिनिटं लागतात. माणूस जिवंत असता तरी पोचला नसता.

चौकशी झाली. रजिस्टरमध्ये ‘कापली’ असं लिहिलेलं, आणि तुटलेल्या तुकड्यावर तर सतरा नंबरचा बिल्ला. मग कंपनीने निष्कर्ष काढला की फोरमनने बाद स्लिंग परस्पर लपवून वापरली. माझी एक खोटी नोंद मेलेल्या माणसाला गुन्हेगार ठरवत होती. मी लेखी जबाब दिला — नोंद खोटी, स्लिंग मी ठेवली, मी कापली नाही. पुरावा म्हणून डायरी पुढे केली. चौकशी करणारे साहेब वाचता वाचता थांबले.

“ही वेळ चुकली आहे तुमची.”

“नाही साहेब.”

“अहो, तेव्हा तो माणूस राहिला नव्हता. सव्वादहा करा. नाहीतर सगळाच जबाब खोटा वाटेल.”

मी म्हटलं, “एक खोटं लिहून काय झालं ते तुम्ही बघताय. दुसरं लिहिणार नाही.”

त्यांनी डायरी बाजूला ठेवली आणि नुसता जबाब घेतला. माझी नोकरी गेली, ते योग्यच झालं. नागोजीरावांच्या नावावरचा डाग पुसला गेला. पण माझा प्रश्न तिथेच राहिला. मरताना त्यांनी वर पाहिलं, तेव्हा ती स्लिंग ओळखली होती. म्हणजे त्यांच्या मनात शेवटचं जे आलं ते हेच असणार — मच्चानने कापली नाही. मग ते दोष द्यायला आले होते की सोडवायला? आणि कापून टाका म्हणाले ते का, सगळं होऊन गेल्यावर?

रुक्मा मला कधी एक वाकडा शब्द बोलली नाही. स्लिंगचं तिला चौकशीतूनच कळलं होतं. तरी दर शुक्रवारी ती घरी बोलावते, पान मांडते, “अण्णा, आणखी थोडं रसम?” म्हणून विचारते. तिने भांडण केलं असतं तर सोपं गेलं असतं. पण ते आले होते हे मात्र मी तिला सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात सांगितलं. माझंच ओझं कमी व्हावं म्हणून सांगितलं असावं, हे कबूल करतो.

तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. मग विचारलं, “माझ्यासाठी काही म्हणाले?”

खोटं बोलता आलं असतं. ‘रुक्माला सांभाळा म्हणाले’ — एवढे तीनच शब्द. तोंडापर्यंत आलेही होते.

“नाही,” मी म्हटलं.

तिने पदराचा काठ बोटाने सरळ केला. “पुलापासून आपलं घर किती लांब, अण्णा?”

“साडेनऊ किलोमीटर.”

“आणि यार्ड?”

“सात.”

“त्याच रस्त्यावर ना?”

“हो.”

“मग यार्ड आधी लागलं,” ती म्हणाली. “तुमच्याकडचं काम सांगून पुढे घरीच निघाले असतील.” क्षणभर तिचा चेहरा असा उजळला की चार वर्षांत तसा पाहिला नव्हता. आणि मग तिची नजर दाराच्या कडीकडे गेली. म्हणाली, “मी त्या दिवशी पापनाशमला गेले होते. लग्नाच्या पत्रिका द्यायला. सकाळी नऊपासून घराला कुलूप होतं, अण्णा.”

त्यानंतर मी तीन शुक्रवार तिच्याकडे जेवलो. ती वाढते, बोलते, सगळं नेहमीसारखं. फक्त आता घराला कुलूप लावत नाही. बाजारात जाताना शेजारणीला ओट्यावर बसवून जाते.

त्या बारा मिनिटांचा उलगडा मला झालेला नाही, आणि वाचकांपैकी कुणी केला तरी आता माझं काही अडलेलं नाही. पण त्या दिवशीच्या कुलपाबद्दल तिला काय सांगावं हे कुणाला सुचलं, तर मला जरूर कळवा. मला सुचत नाही.