पक्का रंग आणि आमचा आड

चार घरांत मिळून एक आड असला, की त्यात पाण्याबरोबर किस्सेही साचतात. आमच्या आडात वर्षभरात इतके साचले, की आता उपसायलाच हवेत. सांगणारा मी, इंग्रजी सहावीतून शाळा सोडलेला. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी तोंड उघडलं की आमचे अप्पा तेच सांगतात.

भिंतीपलीकडे राजय्या शेठचा सूत रंगवायचा कारखाना. उरलेलं रंगाचं पाणी मागच्या कच्च्या खड्ड्यात ओतायचं, ही तिथली रीत. खड्ड्यापासून आमचा आड पंधरा पावलांवर. हे कळायला मॅट्रिक व्हावं लागत नाही. पण गल्लीतल्या शिकलेल्यांना वर्षभर कळलं नाही!

*

पहिल्यांदा अप्पांचं धोतर गुलाबी झालं. अप्पा म्हणजे कोर्टातले पेन्शनर कारकून. आईवर ओरडले, "कुणाच्या लुगड्याबरोबर भिजवलंस हे?"

आईनं पोहरा शेंदून पुढ्यात ठेवला. अप्पांनी आत पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"नंबर बदललेला दिसतोय," म्हणाले.

*

समोरचे गुंडोपंत हे गल्लीतलं सर्वांत जुनं डोकं. वापर नसल्यानं अजून कोरं आहे. त्यांनी जाहीर केलं, "देवीची कृपा! आडात कुंकू उतरलंय."

झालं! बायका खण-नारळ घेऊन आडाची ओटी भरून गेल्या. मी म्हटलं, "देवी भिंतीपलीकडं राहते. तिला म्हणावं, खड्डा तेवढा बांधून घे." अप्पांनी मला दंडाला धरून घरात नेलं.

पुढच्या आठवड्यात शेठकडे हिरव्या सुताचं काम निघालं. आड हिरवागार!

गुंडोपंत तीन दिवस ओट्यावर दिसले नाहीत.

*

हसणं इथवरच. वहिनीला दिवस गेले आणि आडाच्या पाण्यानं तिच्या हातांवर पुरळ उठलं. आडाकाठचा शेवगा उभ्या उभ्या वाळला. आई रोज चौकातल्या नळावरून दोन घागरी आणायला लागली, कंबर धरून. वहिनी कधी मोठ्यांसमोर बोलत नाही. ती एकदाच म्हणाली, "बाळाला हेच पाणी द्यायचं का?" ओट्यावर तीन कर्ते पुरुष बसले होते. तिघांनीही पान लावायला घेतलं.

मी कुदळ घेतली. भिंतीलगत हातभर खणलं, तर माती लाल. ढेकूळ घेऊन तडक शेठकडे गेलो.

शेठनं ढेकूळ पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "हे आमचं न्हाय. आमचा रंग पक्का हाय. लुगडं फाटंल, पण रंग सुटायचा न्हाय. सुटलेला रंग दुसऱ्या कुणाचा तरी असंल की!"

घरी येऊन हात धुतले. चार दिवस धूतच होतो. रंग पक्का होता, हे मात्र खरं!

*

शेवटी अप्पांनी नगरपालिकेत अर्ज केला. बारा कलमांचा, वळणदार अक्षरात. एक इन्स्पेक्टर आले. भला माणूस, सायकलवरून उन्हातान्हात आलेला. म्हणाले, "आधी पाणी चाखून बघू."

अप्पांनी आईला आत खूण केली. साहेबांनी पेला रिकामा केला, मिशा पुसल्या. "अहो, पाणी तर गोड आहे! तक्रार कसली?"

पाहुण्याला आडाचं घाण पाणी कसं द्यायचं, म्हणून अप्पांनी नळाचं दिलं होतं!

मी बोलायला उठलो. अप्पा म्हणाले, "हा शाळा सोडलेला. याचं मनावर घेऊ नका."

*

आता नरसव्वाचा किस्सा. नरसव्वा ही राजय्या शेठची म्हातारी आई. गल्लीतल्या प्रत्येक पोराला तिनं आपल्या पायांवर घेऊन न्हाऊ घातलंय. मलासुद्धा. वहिनीला मुलगी झाली, तशी ती सव्वा महिना रोज आली. न्हाणीत नळाचं पाणी तापवून ठेवलेलं असायचं, त्यामुळे आडाशी तिचा संबंध आला नाही. आणि लेकाची तक्रार आईजवळ करायची नाही, अशी आईनं मला शपथ घातली होती.

सव्वा महिन्यानं बाळंतिणीनं आड पुजायचा आणि पहिला पोहरा स्वतः शेंदायचा, ही आमच्याकडची पद्धत. बायका जमल्या. शेठही बाळाला झबलं घेऊन आला होता. वहिनीनं हळद-कुंकू वाहिलं, पोहरा सोडला, वर ओढला.

लाल.

वहिनीनं पोहरा खाली ठेवला आणि आईकडून मुलीला घेऊन छातीशी धरलं.

नरसव्वा वाकली. पाण्यात बोट बुडवून वास घेतला. जन्म रंगात गेलेला तिचा. आमच्याकडं तिनं पाहिलंही नाही. लेकाला म्हणाली, "नायना, लेकरा, दोन घागरी घे. नळावर जा."

"गडी पाठवतो की, अम्मा."

"तू जा."

शेठ गेला. जरीकाठी उपरणं, खांद्यावर घागर, हातात घागर, भर बाजारातून. परत आला तेव्हा सदरा भिजलेला.

"आता कुटं ठिवू?"

"आडात ओत. बाळंतिणीनं आडातलंच शेंदायचं असतंय."

शेठनं दोन्ही घागरी आडात ओतल्या. नरसव्वानं काठावर हात टेकून आत वाकून पाहिलं. मग पायरीवर ऐसपैस बसली आणि मुलीला वहिनीकडून आपल्या मांडीवर घेतलं.

"अजून लालच हाय. जा, आणिक आण."