पौर्णिमेच्या ओहोटीत अडकलेली होडी

खाडीकाठच्या सारसोळ्याहून होडीनं घारापुरीला जायचं हे माझंच खूळ. गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. नेरूळचं नवं शहर तेव्हा कागदावरच होतं. हे ठाणे-बेलापूर रस्त्यावर केमिकल कंपनीत ऑपरेटर. सतत डबल पाळ्या. चहा पिता पिता डोळा लागायचा, आणि सुट्टीचं नाव काढलं की खेकसायचे.

सासूबाई ह्यांना म्हणायच्या, "अरे, काम कधी संपतं का? म्हणून तर उपोसथाचा, व्रताचा दिवस चंद्र ठरवतो, आपली सवड नाही." वैशाख पौर्णिमेला यायचं मी ह्यांच्याकडून कबूलच करून घेतलं.

ओळखीच्या बाळारामदादांनी डिझेलच्या खर्चात होडी काढली. निघतानाच बजावलं, "पुनव हाय, पानी लय लांब जाईल. उन्हं कलायच्या आधी परत निंगायचं."

घारापुरीला सगळे लेण्यांकडे वळतात. तुम्ही विटांच्या जुन्या स्तूपाच्या टेकडीवरही जा. चढ दमवतो, पाणी बरोबर घ्या. आम्ही वंदना केली, उपोसथाला दुपारनंतर जेवायचं नसतं म्हणून बाराच्या आत भाकरी-भाजी खाल्ली. आणि हे झाडाखाली चक्क घोरायला लागले! खालून दादांची हाक आली. मी उठवायला वाकले, पण तो निवांत चेहरा बघून हातच धजेना. पुन्हा बसले.

निघायला उशीर झाला, आणि व्हायचं तेच झालं. सारसोळे समोर दिसत असताना होडी चिखलात रुतली.

"अगं, आज रात्रपाळी घेतलीय मी!" हे ओरडले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात ह्यांनी पाय बाहेर टाकलासुद्धा.

"ओ, उतरू नका! चिखल गिलंल!" दादांनी हाक दिली.

हे मांडीपर्यंत आत गेले. दादांनी आणि मी काखेत हात घालून कसंबसं वर ओढलं.

"मी नसलो तर प्लांट कोण बघणार?"

"आणि तुम्हीच नसलात तर मी कुणाकडे बघू?" मी रडतच विचारलं.

चंद्र वर आल्यावर कधीतरी पाणी भरलं आणि होडी हलली.

दुसऱ्या दिवशी हे कामावरून आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. "बदली माणसानं पाळी काढली. मी कुठे होतो, कुणी विचारलंसुद्धा नाही गं."

मला हायसं वाटलं आणि त्यांची दयाही आली. डबल पाळ्या पुढेही केल्या त्यांनी, पण पौर्णिमेला कधीच नाही. त्या दिवशी दुपारी आडवे होऊन एकदा तरी विचारायचे, "चाललं असेल ना गं तिकडे?"

मी म्हणायचे, "चाललं असेल. झोपा."