रक्त पातळ करायचं इंजेक्शन

करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझे वडील शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका हॉस्पिटलात होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. आत सोडत नव्हते, म्हणून मी आणि आई समोरच्या बंद दुकानाच्या ओट्यावर बसून राहायचो. एका दुपारी सिस्टरचा फोन आला.

"तुमचे वडील पोटातलं इंजेक्शन घेऊ देत नाहीत. सकाळचंही चुकलं. तुम्ही शिकलेल्या आहात, जरा समजवा."

मी बी.कॉम.ला होते. घरातली कॉलेजला गेलेली पहिलीच, म्हणून सगळे मलाच विचारतात. मला येतंच असं नाही. डॉक्टरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, की या आजारात रक्ताच्या गुठळ्या होतात आणि एखादी फुप्फुसात अडकली तर जिवावर बेततं.

सिस्टरने फोन स्पीकरवर टाकून दादांजवळ धरला. आईला ऐकू यावं म्हणून मीही माझा स्पीकर लावला. मास्कमधून धाप ऐकू आली.

"पोटात कशाला? मला काय कुत्रं चावलंय?"

"दादा, ते रक्त पातळ करायला..."

"तेच म्हणतो. आधीच अंगात रक्त नाय. अजून पातळ केल्यावर उठू कसा?"

आमच्या दिंडोरीकडच्या गावात रक्त पातळ झालं म्हणजे माणूस खंगला. आईनेही माझा हात धरला. "बरोबर बोलतात ते. नको म्हण."

दादा द्राक्षबागेत कामाला जातात, म्हणून मला बागेतल्या ठिबक सिंचनाचं उदाहरण सुचलं. "ठिबकच्या नळ्या क्षारानं चोकअप होतात, मग आपण ॲसिड सोडतो ना..."

"मंग मला ॲसिड देणार का?"

सिस्टर हसल्या. मला रडू येत होतं. शेवटी मी चाचरत त्यांनाच विचारलं, "सिस्टर, रक्त खरंच पातळ होतं का?"

"नाही हो. तशी म्हणायची पद्धत आहे. रक्त आहे तेवढंच राहतं, फक्त गुठळी लवकर धरत नाही."

"दादा, ऐकलं का? रक्त कमी होत नाय. गोठू नये म्हणून देतात."



"मंग पातळ कशाला म्हणतात हे लोक?" दादा म्हणाले. "द्या."

थोड्या वेळाने सिस्टरचा आवाज आला, "काका, चोळू नका तिथं." फोन बंद झाला.

आई माझ्याकडे बघत होती. "पुढचं देताना दुसरी सिस्टर असली तर?"

मी लगेच वॉर्डात फोन लावला. पुढचं इंजेक्शन देताना पातळ हा शब्द काढू नका, एवढंच सांगायचं होतं. कोणी उचलेना. मी परत लावला.